सेल्फ फिरत नसेल तर: अवजड डिझेल ट्रक सुरू करायचे दुसरे मार्ग

सेल्फ म्हणजे इंजिन फिरवून सुरू करून देणारी मोटर. किनारपट्टीवर डिझेल इंजिन थंडीने अडत नाही. हर्णै, रत्नागिरी, मालवणला जानेवारीच्या पहाटेसुद्धा ऑइल घट्ट होण्याइतका गारवा नसतो. इथली गाडी अडते ती खाऱ्या हवेने खाल्लेल्या तारांमुळे, उकाड्यात आपोआप उतरणाऱ्या बॅटऱ्यांमुळे आणि पावसाळ्यात महिनोन्‌महिने एका जागी उभं राहिल्यामुळे. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत मासळीच्या गाड्या थांबतात. पाऊस लागला की चिरेखाणीवरचे डंपरही थांबतात. म्हणून थंड मुलखातले उपाय, म्हणजे ब्लॉक हीटर, पातळ ऑइल, ईथरचा फवारा, इथे विसरा. ईथर तर मुळीच नको. इनटेक हीटर किंवा ग्लो प्लग (आत येणारी हवा किंवा सिलिंडर तापवणारे भाग) असलेल्या इंजिनात तो अवेळीच पेट घेतो आणि पिस्टनची वाट लावतो.

आपल्याकडे एक सूत्र पाळलं तर बहुतेक त्रास मिटतो. इंजिन फिरवायची ताकद गाडीच्या बाकी वापरापासून वेगळी साठवायची आणि तिला कुलूप लावून ठेवायचं. कपॅसिटर (वीज साठवून झटक्यात सोडणारा), हवेची टाकी, हायड्रॉलिक अॅक्युम्युलेटर (दाबाखाली तेल साठवणारं भांडं) हे तिन्ही प्रकार याच सूत्रावर चालतात. फरक आहे तो किंमत, जागा आणि देखभालीचा.

आधी मीटर लावा

दुसरी यंत्रणा बसवण्याआधी पहिली का चालत नाही हे बघावंच लागतं. बिघाड दहा पैशांच्या गंजाचा असेल तर नवी यंत्रणाही त्याच गंजातून वीज ओढणार.

सहा-सात लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनाला साधारण 4 ते 5.5 किलोवॉटचा, 24 व्होल्टचा सेल्फ असतो. इंजिन फिरवताना तो 400 ते 600 अँपिअर ओढतो, पहिल्या झटक्याला त्याहून जास्त. आपल्या हवामानात इंजिनाला मिनिटाला दीडशे ते दोनशे फेरे मिळाले की ते पकडतं. एवढ्या करंटमध्ये एक मिलिओहमचा अडथळासुद्धा अर्ध्या व्होल्टच्या आसपास खातो. साधा मीटर ओहमवर ठेवून हा अडथळा दिसत नाही, तो सेल्फ मारतानाच मोजावा लागतो.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. प्रत्येकी 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी, 12.0 म्हणजे जेमतेम पाव. हायड्रोमीटर लावणार असाल तर हे लक्षात ठेवा की उष्ण प्रदेशासाठी भरलेल्या बॅटरीत अॅसिडची घनता 1.240 ते 1.250 एवढीच असते, त्यामुळे 1.280 दिसत नाही म्हणून बॅटरी टाकून देऊ नका. एखाद्या सेलची घनता बाकीच्यांपेक्षा 0.050 ने कमी असेल तर मात्र तो सेल गेला.

दोन बॅटऱ्यांत 0.2 व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर कोणीतरी एकाच बॅटरीवरून 12 व्होल्टची तार काढलेली असते, टेप, मोबाइल चार्जर किंवा पंख्यासाठी. ती बॅटरी कायम उपाशी राहते, आणि दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते. दोन्ही वर्षभरात जातात. 12 व्होल्ट हवेच असतील तर 24 वरून 12 करणारा कन्व्हर्टर लावा, त्याचा खर्च एका बॅटरीपेक्षा पुष्कळ कमी येतो.

आता सेल्फ मारताना मोजा. जुन्या पंपाच्या इंजिनात एकाने स्टॉपची केबल ओढून धरावी. कॉमन रेलच्या, म्हणजे संगणकाच्या हुकमाने डिझेल सोडणाऱ्या नव्या इंजिनात ते पकडण्याआधी जे दोन सेकंद मिळतात त्यात मीटरच्या मिन-मॅक्स बटणाने आकडा पकडावा. दोन्ही बॅटऱ्या मिळून व्होल्टेज 19 च्या खाली गेलं तर बॅटरीत दम नाही. 21 च्या वर राहिलं आणि तरी इंजिन जड फिरतंय, तर दोष तारांत किंवा सेल्फमध्ये. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसच्या खुंटावर आणि दुसरं सेल्फच्या जाड बोल्टवर ठेवा. सेल्फ फिरताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर ती तार बदला. तसंच बॅटरीचा मायनस आणि सेल्फची बॉडी यांच्यामध्येही बघा. इथेही मर्यादा अर्ध्या व्होल्टची.

कोकणात दोष बहुतेक वेळा या दुसऱ्या बाजूला, अर्थिंगला सापडतो. चॅसीला जिथे अर्थची वेणी आवळलेली असते तिथे बाहेरून सगळं ठीक दिसतं. बोल्ट काढा. लगच्या (तारेच्या टोकाच्या धातूच्या कड्याच्या) खाली रंगाचा थर, त्यावर चिऱ्याची लाल धूळ, आणि त्या दोघांमध्ये खाऱ्या पाण्याने आलेला गंज असतो. लगच्या मागचं रबर बोटभर चिरून बघा. आतलं तांबं हिरवंनिळं पडलेलं असतं आणि चिमटीत धरलं की त्याची भुकटी होते. बर्फाचं खारं पाणी चॅसीवर ठिबकणाऱ्या मासळीच्या गाडीत हा हिरवेपणा तारेच्या आत पुढेपर्यंत चढलेला असतो. अशी तार घासून पुन्हा वापरता येत नाही.

नवी तार घ्या ती कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची, 70 चौरस मिलिमीटर जाडीची. लग हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्या. हातोड्याने चेपलेला लग सहा महिन्यांत ढिला पडतो. त्यावर आतून गोंद सुटणारी हीट श्रिंक नळी चढवा. चॅसीवरची जागा लखलखीत पत्रा दिसेपर्यंत घासा, बोल्ट आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. एक जादा वेणी थेट इंजिन ब्लॉकपासून बॅटरीच्या मायनसला टाका. बॅटरीच्या खुंटावरची पांढरी बुरशी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा. सोड्याचं पाणी सेलच्या आत जाऊ देऊ नका.

एवढं केल्यावर बऱ्याच गाड्यांना पुढचं काही लागतच नाही.

इंजिन फिरलं म्हणजे सुरू झालं असं नाही

हा मुद्दा न कळल्यामुळे लोकांचे पैसे वाया जातात. यांत्रिक इनलाइन पंपाचं जुनं इंजिन फिरवलं की सुरू होतं, त्याला वीज लागत नाही. 2017 पासून देशभर बीएस-4 आणि एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे गाड्यांच्या धुराचे नियम लागू झाले. त्यानंतरच्या कॉमन रेल इंजिनांत इंजेक्टर (डिझेल फवारणारं तोंड) उघडतो ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, आणि ईसीयूला बॅटरी लागते. क्रँक आणि कॅमच्या सेन्सरचे सिग्नल जुळायला हवेत, रेलमध्ये दोनेकशे बारचा दाब तयार व्हायला हवा, तेव्हा कुठे डिझेल उडतं. म्हणून हवेचा किंवा हायड्रॉलिक सेल्फ बसवला तरी ईसीयूपुरती बॅटरी गाडीत लागतेच. ती सेल्फ फिरवण्याइतकी दमदार नसली तरी चालेल, पण तिचं व्होल्टेज टिकायला हवं.

धक्का मारणं किंवा दुसऱ्या गाडीने ओढून सुरू करणं याच कारणाने मागे पडलं. स्प्रिंग ब्रेक (हवा नसली की आपोआप लागणारे) सुटायला पाच-सहा बार हवा लागते. टाकी रिकामी असेल तर चाकंच फिरत नाहीत. ऑटोमेटेड गिअरबॉक्स असेल तर ओढून इंजिन फिरत नाही. बीएस-6 गाडीत न जळलेलं डिझेल सायलेन्सरच्या कॅटॅलिस्टमध्ये जातं. कशेडी किंवा आंबा घाटाच्या उतारावर गाडी सोडून गिअर टाकण्याचा प्रकार तर कोणीही करू नये. इंजिन बंद असताना पॉवर स्टिअरिंग जड होतं, आणि ब्रेकची हवा प्रत्येक दाबाबरोबर संपत जाते.

दुसऱ्या ट्रकच्या बॅटरीवरून सुरू करणं मात्र चालतं. दोन्ही गाड्या 24 व्होल्टच्या असाव्यात. प्लसची तार बंद गाडीच्या शेवटच्या प्लसला लावा, मधल्या जोडाला नव्हे. मायनस बंद गाडीच्या इंजिन ब्लॉकला, बॅटरीपासून लांब, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. चालू गाडी हजार आरपीएमवर दहा मिनिटं राहू द्या. सेल्फ दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, आणि दोन वेळांच्या मध्ये दोन मिनिटं थांबा. तारा काढण्याआधी सुरू झालेल्या गाडीचे हेडलाइट आणि ब्लोअर लावा, म्हणजे अचानक उसळणारं व्होल्टेज ईसीयूवर जात नाही.

कपॅसिटर: एकट्या गाडीसाठी पहिली निवड

ज्याच्या एक-दोन गाड्या आहेत त्याने अल्ट्राकपॅसिटरचा विचार आधी करावा. बॅटरीत रसायन आहे, यात नाही. त्यामुळे सल्फेट धरत नाही, पाणी घालावं लागत नाही, आणि पूर्ण रिकामा झाला तरी बिघडत नाही.

एका मोठ्या सेलची क्षमता 3000 फॅरड आणि व्होल्टेज 2.7 असतं. चालू गाडीत डायनामो 28 व्होल्ट देतो, म्हणून बारा सेल एकापुढे एक जोडतात. तेव्हा संचाची क्षमता 250 फॅरड होते. 28 व्होल्टपासून 18 व्होल्टपर्यंत उतरताना यातून सुमारे 57 किलोज्यूल मिळतात. सेल्फ 500 अँपिअर ओढत असेल तर ते पाचेक सेकंदांचं काम झालं. चांगल्या इंजिनाला पकडायला दोन सेकंद पुरतात. म्हणजे दोन प्रयत्न हातात आहेत, दहा नाहीत. डिझेल लाइनमध्ये हवा शिरली असेल तर आधी हातपंपाने ती काढा, मगच किल्ली फिरवा.

जोडणीतली मुख्य गोष्ट ही की कपॅसिटरची जाड तार फक्त सेल्फच्या बोल्टला जाते, आणि बॅटरीपासून सेल्फला जाणारी जुनी जाड तार काढून टाकायची. बॅटरीने दिवे, ईसीयू, केबिन सांभाळायचं. दोघांमध्ये एक डीसी-डीसी चार्जर बसतो, जो बॅटरीकडून घेऊन कपॅसिटर भरतो पण उलटं जाऊ देत नाही. कुलूप म्हणजे हाच चार्जर. त्याला वगळून दोन्ही थेट जोडले तर बॅटरीबरोबर कपॅसिटरही उतरतो आणि सगळा खर्च पाण्यात जातो. शिवाय रिकामा कपॅसिटर बॅटरीला थेट लावणं म्हणजे शॉर्ट सर्किटच. लगवर ठिणगी उडते आणि फ्यूज जातो.

10 अँपिअरचा चार्जर असा संच शून्यापासून साधारण बारा मिनिटांत भरतो. सेल्फ फिरवण्याचा दम नसलेली बॅटरीसुद्धा दहा अँपिअर सहज देते. व्होल्टेज वाढवणारा चार्जर घेतलात तर 20-21 व्होल्टवर आलेल्या बॅटऱ्यांतूनही कपॅसिटर पूर्ण भरतो. ही सोय असलेलाच घ्या.

कोकण रेल्वेची रो-रो सेवा 1999 पासून कोलाडहून ट्रक वॅगनवर चढवून गोव्याच्या वेर्ण्यापर्यंत नेते. प्रवासभर इंजिन बंद असतं. ड्रायव्हर आणि क्लीनर केबिनमध्येच बसतात, पंखा, दिवा, चार्जर चालू. दहा अँपिअरचा वापर दहा तास चालला तर 150 अँपिअर-तासाच्या बॅटरीतले शंभर गेले. उतरताना मागे रांग लागलेली असते. कपॅसिटर वेगळा ठेवलेला असेल तर बॅटरी एवढी उतरूनही गाडी पहिल्या किल्लीला सुरू होते, कारण ईसीयूला लागणारे चार-पाच अँपिअर तिच्यात शिल्लक असतात.

बसवताना जागा सायलेन्सरपासून लांबची निवडा. कपॅसिटरला थंडीचं काही वाटत नाही, उष्णता मात्र बाधते. बहुतेक संचांची मर्यादा 65 अंश सेल्सियस असते, आणि बीएस-6 गाडीच्या सायलेन्सरशेजारी मे महिन्यात ती सहज ओलांडते. चिखल आणि खारं पाणी थेट उडणार नाही अशा बाजूला, बॅटरी पेटीच्या वरच्या कप्प्यात तो चांगला राहतो.

कपॅसिटरवर काम करण्याआधी तो रिकामा करणं सक्तीचं समजा. 24 व्होल्टचा 70 वॉटचा हेडलाइटचा बल्ब लावून ठेवा. तास-दीड तासात व्होल्टेज दोनाच्या आसपास येतं. पाना टाकून रिकामा करायला जाऊ नका. क्षणात हजारो अँपिअर वाहतात, पाना वितळून चिकटतो आणि हात भाजतो.

हवेचा सेल्फ: खाण, यार्ड आणि डंपरच्या ताफ्यासाठी

ट्रकमध्ये कॉम्प्रेसर आधीच आहे, हवा फुकट आहे, आणि हवेचा सेल्फ कितीही वेळ दाबून धरला तरी जळत नाही. इंजिन अडकून पडलं असेल तर तो नुसता थांबतो. ज्या आवारात ज्वालाग्राही वायू किंवा वाफा असतात तिथे विजेच्या ठिणगीपेक्षा तो कितीतरी सुरक्षित. वर्षानुवर्षं चालणारी ही यंत्रणा आहे. पण ती हवाबंद ठेवण्याची शिस्त नसेल तर घेऊ नका.

मोटर दोन प्रकारची मिळते. व्हेन मोटरमध्ये पाती रोटरच्या खाचांत सरकतात. ती स्वस्त, पण तिला तेल लागतं. टर्बाइन मोटरला तेल लागत नाही आणि हवेतल्या पाण्या-कचऱ्याचा तिला कमी त्रास होतो. दमट किनाऱ्यावर परवडत असेल तर टर्बाइन घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. ट्रकमध्ये दाब 8 ते 10 बारच मिळतो, म्हणून या दाबावर तुमचं इंजिन फिरवू शकेल असंच मॉडेल कंपनीच्या तक्त्यातून निवडा. जहाजाच्या मोठ्या इंजिनाची, 30 बारवर चालणारी मोटर इथे निरुपयोगी.

टाकीचं गणित सोपं आहे. 200 लिटरची टाकी 8 बारवर भरली आणि 5 बारपर्यंत वापरली, तर 600 लिटर मोकळी हवा मिळाली. मोटर सेकंदाला 150 लिटर खात असेल तर चार सेकंद, म्हणजे दोन प्रयत्न. त्यापेक्षा लहान टाकीत समाधान नाही. 40 लिटरच्या पाच ब्रेक टाक्या जोडून 200 लिटर करता येतात, चॅसीवर तशी जागाही मिळते. घरगुती गॅसचे जुने सिलिंडर किंवा भंगारातल्या टाक्या वेल्डिंग करून वापरू नका. फुटलेली टाकी माणूस मारते. प्रत्येक संचाला सेफ्टी व्हॉल्व्ह आणि तळाला ड्रेन कॉक हवाच.

सगळ्यात कडक नियम हा: ब्रेकच्या टाकीतून सेल्फला थेट हवा घ्यायची नाही. हवा चार भागांत वाटणाऱ्या चार सर्किटांच्या प्रोटेक्शन व्हॉल्व्हवर 21 आणि 22 ही तोंडं ब्रेकची असतात, 23 पार्किंग आणि ट्रेलरचं, 24 इतर वापरासाठी. हवा 24 मधूनच काढा. पुढे साडेसहा बारला उघडणारा प्रेशर प्रोटेक्शन व्हॉल्व्ह, त्यानंतर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा), आणि मग सेल्फची टाकी. असं केलं की आधी ब्रेक भरतात, मग सेल्फ. आणि सेल्फचा पाइप फुटला तरी ब्रेकची हवा जागेवर राहते.

बसवण्याचा क्रम असा ठेवा.

1. बॅटरीचा मायनस काढा, जुना सेल्फ उतरवा. त्याच्या पिनियनचे (पुढच्या छोट्या दातेरी चाकाचे) दात मोजा, दातांचं मॉड्यूल (दाताच्या मापाचा आकडा), फिरण्याची दिशा आणि फ्लँजच्या बोल्टांमधलं अंतर लिहून घ्या. नवा सेल्फ या चारही बाबतींत जुळला पाहिजे.
2. फ्लायव्हीलची दातेरी रिंग (जिच्यात पिनियन अडकतो) हाताने पूर्ण फिरवून बघा. सहा सिलिंडर इंजिन बंद होताना ठरावीक तीन जागीच थांबतं, म्हणून दात त्याच तीन ठिकाणी खाल्लेले असतात. रिंग झिजलेली असेल तर आधी ती बदला.
3. नवा सेल्फ बसवून सुटलेला पिनियन आणि रिंग यांच्यातलं अंतर मोजा. कंपनीने दिलेला आकडा पाळा, साधारण तीन मिलिमीटरच्या आसपास असतो.
4. रिले व्हॉल्व्ह (मोटरला मुख्य हवा सोडणारा) सेल्फच्या जवळ बसवा. टाकीपासून सेल्फपर्यंतचा पाइप आतून 32 ते 38 मिलिमीटरचा, जितका आखूड तितका चांगला. काटकोनी एल्बो टाळा, वळण मोठं द्या.
5. केबिनमधल्या बटणाची बारीक हवा आधी पिनियन सरकवणाऱ्या तोंडाला जाते. पिनियन रिंगमध्ये पूर्ण बसला की तीच हवा परत येऊन रिले व्हॉल्व्ह उघडते. हे दोन बारीक पाइप उलटे लागले तर मोटर आधी फिरते आणि पिनियन रिंगवर घासतो. पहिल्यांदा तीन बारवरच चाचणी घ्या.
6. बाहेर पडणाऱ्या हवेला सायलेन्सर लावा आणि तोंड टर्बोपासून लांब ठेवा. व्हेन मोटरची हवा तेलकट असते. आवाजही फार मोठा होतो, मफलरशिवाय कानाजवळ चालवू नका.
7. टाकीवर दाबाचा काटा केबिनमधून दिसेल असा लावा, आणि बाहेरून हवा भरायला नॉन-रिटर्नसह एक क्विक कपलर द्या.

हा शेवटचा कपलर कोकणात फार उपयोगी पडतो. टाकी रिकामी झाली तर हातखंबा, लांजा, राजापूर, कणकवली, जिथे म्हणाल तिथे नाक्यावर पंक्चरवाला आहे, आणि त्याचा कॉम्प्रेसर आठ-दहा बार देतो. 200 लिटरची पूर्ण रिकामी टाकी भरायला त्याला पाचेक मिनिटं लागतात. दुसऱ्या ट्रकच्या टायर भरायच्या तोंडावरूनही भरता येते, त्या ट्रकचं इंजिन चालू ठेवून. पाइप आणि दोन्ही बाजूंची कपलिंग गाडीत कायम असू द्या.

बिघडण्याची कारणं मोजकी आहेत. पहिलं, गळती. गाडी बंद केल्यावर तासाभराने, हवा गार झाल्यावर काटा बघा, मग सकाळी बघा. गरम हवा गार होताना दाब अर्ध्या बारने आपोआप पडतो, ती गळती नव्हे. तासानंतरच्या आकड्यापेक्षा सकाळी अर्धा बार कमी असेल तर साबणाचा फेस घेऊन प्रत्येक जोड तपासा. सुरुवात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि ड्रेन कॉकपासून करा. दुसरं, पाणी. पावसाळ्यात टाकी रोज संध्याकाळी ड्रेन करा. स्वच्छ पाणी आलं तर हवेतला ओलावा शोषणाऱ्या ड्रायरचं कार्ट्रिज संपलं. करड्या दह्यासारखा चिखल आला तर कॉम्प्रेसर तेल फेकतोय, त्याच्या रिंगा बघाव्या लागतील. कार्ट्रिज मे अखेर बदलणं इथल्या हवेला मानवतं. तिसरं, व्हेनची पाती. महिनाभर मोटर फिरली नाही की ओलाव्याने पाती खाचांत चिकटतात. बटण दाबल्यावर हवा जोरात सुटते आणि मोटर ढिम्म हलत नाही. लुब्रिकेटरमध्ये (मोटरला तेल पुरवणाऱ्या भांड्यात) हलकं तेल भरलेलं ठेवा आणि उभ्या गाडीचा सेल्फ आठवड्यातून एकदा फिरवा. फिरतोय पण जड, असं झालं तर मोटर उघडण्याआधी तोंडावरची जाळी काढून बघा. पाइपातला गंज तिथेच साचतो.

हायड्रॉलिक आणि स्प्रिंग

हायड्रॉलिक सेल्फ जहाजावरच्या लाइफबोटी आणि आगीचे पंप यांच्यासाठी वापरतात. अॅक्युम्युलेटरमध्ये नायट्रोजन असतो, त्याच्यावर पंपाने तेल दाबून सुमारे 200 बारपर्यंत नेतात. व्हॉल्व्ह उघडला की तेल मोटर फिरवतं. हातपंप असल्यामुळे गाडीत काहीही शिल्लक नसतानाही ताकद पुन्हा भरता येते, अंगमेहनत मात्र चांगलीच होते. इंजिनाला जोरदार पण थोडेच फेरे मिळतात. म्हणून डिझेल आधी प्राइम केलेलं (हातपंपाने लाइनमधली हवा काढून भरलेलं) हवं आणि ईसीयूची बॅटरी धड हवी. साध्या मालवाहू ट्रकला हा खर्च आम्ही सुचवणार नाही. वर्षातून चार-दोन वेळाच चालणाऱ्या पण चाललेच पाहिजेत अशा गाड्यांना, म्हणजे क्रेन, पंप किंवा जनरेटर वाहून नेणाऱ्यांना, तो शोभतो.

नायट्रोजनचा दाब असा तपासा. तेलाचा दाब पूर्ण शून्यावर सोडा आणि हातपंप सावकाश मारा. काटा शून्यावरून एकदम उडी मारून एका आकड्यावर जातो आणि तिथून हळूहळू चढतो. उडी जिथे थांबली तो नायट्रोजनचा दाब. तो कंपनीच्या आकड्याशी ताडून बघा. हवामान दहा अंशांनी बदललं तर साडेतीन टक्क्यांचा फरक धरावा. भरताना फक्त नायट्रोजन. ऑक्सिजन किंवा साधी दाबाची हवा भरली तर तेलाच्या वाफेसह स्फोट होतो.

स्प्रिंग सेल्फ हाताने चावी देऊन आवळतात आणि लिव्हरने सोडतात. लहान आणि मध्यम इंजिनांना तो चालतो, जुन्या यांत्रिक पंपाच्या जनरेटरला किंवा बोटीला उत्तम. मोठ्या ट्रकला नको.

यांपैकी काहीही बसवण्याआधी दोन कागद बघा. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीची लेखी परवानगी घ्या. आणि मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 मूळ रचनेत परस्पर बदल करायला मनाई करतं, म्हणून ब्रेकच्या हवेला हात लागणार असेल तर आरटीओत विचारूनच पुढे जा.

पावसाळ्यात गाडी उभी करताना

मे अखेर गाडी लावायची असेल तर बंद करण्याआधी अर्धा तास चालवून बॅटऱ्या भरा. बीएस-6 गाडीत किल्ली काढल्यावर लगेच मुख्य कटआउट (बॅटरी तोडणारा स्विच) बंद करू नका. डीईएफचा (धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रावणाचा) पंप पाइपातलं द्रावण टाकीत परत ओढतो, त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. ते पाइपात राहिलं तर सुकून पांढरे खडे धरतात आणि डोसिंगचं नोझल तुंबतं. पंपाचा आवाज थांबला की मग कटआउट. बॅटऱ्या शेडमध्ये काढून ठेवल्या तर महिन्यातून एकदा चार्ज करा. उकाड्यात त्या नुसत्या ठेवल्या तरी उतरतात.

हवेचा सेल्फ असेल तर टाकीतलं पाणी पूर्ण ड्रेन करा, लुब्रिकेटर भरा, मोटरच्या तोंडात दोन चमचे हलकं तेल सोडून पाचेक बारवर क्षणभर फिरवा. आठवड्याला सेल्फ फिरवणारं कोणी मागे राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, नसेल तर रिकामी करून ड्रेन कॉक उघडा ठेवा. कपॅसिटरची तार काढायची गरज नाही, फक्त चार्जरचा फ्यूज काढा, नाहीतर तो बॅटरी थोडी थोडी पीत राहतो.

पाऊस सरल्यावर पहिल्यांदा सुरू करताना डिझेल फिल्टरचं पाणी काढा, हातपंप घट्ट होईपर्यंत प्राइम करा, अर्थिंगचे बोल्ट एकदा पान्याने बघा, चार्जरचा फ्यूज लावून पंधरा मिनिटं थांबा किंवा हवेचा काटा 8 बारवर आणा, आणि मगच पहिला सेल्फ मारा. तीन प्रयत्नांत पकडलं नाही तर चौथा मारण्याआधी डिझेल इंजेक्टरपर्यंत पोचतंय का ते तपासा.